कुणीही न पाहिलेला चहा

"आई, कप आपटा! नुसता ठेवू नका हो... आपटा!"

सूनबाईने डोळ्यांत कसलेसे थेंब घालून पाणी आणून ठेवलं होतं, खिडकीशी तिपाईवर मोबाईल डोळा वटारून बसला होता, त्याच्यामागे वाकलेला मुलगा हातानेच 'चालू दे, चालू दे' अशी खूण करत होता, आणि मधोमध उभी असलेली आई मात्र उजव्या हातात चहाचा कप धरून, डाव्या हाताच्या बोटांनी टेबलाची कड हळूच चाचपत, नुसतीच उभी होती...

"काय झालं आई? वाक्य विसरलीस?"

"नाही रे. आठवतंय." तिने घसा खाकरला, कपाळाला आठ्या घातल्या. "हा काय चहा म्हणायचा? तुझ्या आईने... तुझ्या आईने तुला..."

पुढचे शब्द ओठांशी आले आणि तिथेच थिजले. सूनबाईची आई! त्या माउलीने परवाच हिच्या दुखऱ्या गुडघ्यांसाठी लोकरीच्या पट्ट्या विणून पाठवल्या होत्या, आणि या क्षणीही त्याच पट्ट्या हिच्या गुडघ्यांना ऊब देत होत्या.

"थांबा," मुलाने उसासा टाकला. "पुन्हा पहिल्यापासून. आणि आई, तू अशी चाचपडत चाचपडत कप ठेवतेस, त्याने कुणाला भीती वाटत नाही गं! सासू कशी हवी? वीज कोसळल्यासारखी!"

"आई, बोला हो बिनधास्त," सूनबाई डोळे पुसत हसली. "माझ्या आईला मी सांगून ठेवलंय. ती म्हणाली, विहीणबाईंना म्हणावं, माझा उद्धार करताना आवाज जरा खणखणीत लावा, मागच्या वेळी मला नीट ऐकूच आलं नाही!"

तिघंही हसली. अशी होती या घराची तऱ्हा! एरवी जिवाला जीव देणारी माणसं, पण मोबाईलचा डोळा उघडला की एकमेकांच्या जिवावर उठायची. घरोघरच्या सासवा-सुना चारचौघांत गोड बोलतात आणि दार लावून भांडतात. इथे दार लावून माया होती आणि भांडण तेवढं चारचौघांत!

हे असं मुळात ठरवून झालेलं नव्हतं. मुलाच्या कंपनीने माणसं कमी केली, त्यांत हाही कमी झाला. महिनोन् महिने तो घरात बसून अर्ज पाठवत राहिला, पाठवता पाठवता त्याची दाढी वाढली, गाल बसले आणि बोलणं आटलं. मग सूनबाईच्या मनात आलं, आजकाल लोक आपलं रोजचं जगणं दाखवतात, आपणही दाखवू या. पहिल्यांदा तिने खरं तेच दाखवलं. सासूच्या गुडघ्यांना तेल लावणारी सून, सुनेचे केस विंचरणारी सासू! शे-दीडशे जणांनी पाहिलं असेल. त्यांतले निम्मे नातेवाईक, आणि त्यांतल्याही एकीने विचारलं काय, तर 'तेल कुठलं वापरता?' प्रेमाला गिऱ्हाईक नव्हतं...

आणि मग ते घडलं, ज्याची आठवण आली की आजही आईचं काळीज चरकायचं.

तिची लेक. एक क्षण एका जागी न ठरणारी, म्हणून लहानपणापासून घरात तिला सगळे खारूताई म्हणत. आईची ती 'खारू'. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायचं काम करायची. तिने स्वतः पसंत केलेल्या मुलाने ऐन वेळी शब्द फिरवला. त्या दिवशी खारू घरी आली ती चपला न काढताच आईच्या मांडीवर कोसळली आणि हंबरडा फोडून रडली... खोलीच्या कोपऱ्यात, सकाळच्या चित्रीकरणानंतर, मोबाईल तसाच चालू राहिला होता.

दुसऱ्या दिवशी ते रडणं सगळ्या जगाने पाहिलं.

"चेहरा पुसट केलाय ना मी तिचा!" मुलगा म्हणाला होता. पण आवाज कसा पुसट होणार? दुकानातल्या पोरींनी ओळखलं, ती भाड्याने राहायची तिथल्या घरमालकिणीने ओळखलं, ज्याने शब्द फिरवला त्यानेही ओळखलं.

"आई, तू सांग त्याला. आत्ताच्या आत्ता काढून टाकायला लाव. तुझं ऐकेल तो," खारू म्हणाली होती.

आणि आईने एकदा लेकीकडे पाहिलं, एकदा मुलाच्या बसलेल्या गालांकडे पाहिलं, त्या गालांवर कित्येक महिन्यांनी उमटलेल्या हसूकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "खारू, बाळा... चार दिवसांत लोक विसरतील गं."

लेक ताडकन उठली. "माझं रडणं तुझ्या मांडीत सांडलं होतं, आई! ते तू बाजारात मांडू दिलंस?"

ती गेली. फोन उचलेनाशी झाली. दुपारी घर निजलेलं असताना आईने देवापुढे हात जोडले आणि म्हणाली, 'माझी लेक या घरात येऊन माझ्याबरोबर चहा पिईपर्यंत मला गोड वर्ज्य.' लहानसं व्रत. पण ते कुणी धरलं होतं? जिच्या नवऱ्याने हयातभर चिडवलं, 'तुझ्या चहात साखर नसते, साखरेत चहा असतो,' तिने! कुणाला बोलली मात्र नाही. सांगून टाकलेलं व्रत म्हणजे तडा गेलेली घागर... वरून भरत राहायचं आणि खालून गळत राहायचं.

त्याच आठवड्यात सूनबाईने मायेने साखर घालून चहा पुढे केला. कप ओठांशी जाताच आई दचकली, आणि "नको, नको ते गोड मला!" असं म्हणत तिने सगळा चहा मोरीत ओतून दिला. मोबाईल चालूच होता. सूनबाईचा पडलेला चेहरा, सासूची फिरलेली पाठ... संध्याकाळपर्यंत ते जिकडेतिकडे पोहोचलं. लोकांनी तिचं बारसंही करून टाकलं. कडू सासू!

मुलगा त्या दिवशी आनंदाने रडला. "आई, लोकांना तू हवी आहेस!" असं म्हणत त्याने तिला उचलायचंच बाकी ठेवलं. आता त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं, की बाळा, तो राग नव्हता रे...?

तेव्हापासून कडू सासू रोज कप आपटू लागली. रस्त्यात दूधवाली म्हणायची, "सुनेला कोरडं ठेवता आणि स्वतःला मात्र सायीचं हवं, होय?" नव्याने लग्न झालेल्या पोरी तिला पाहून आपापल्या आईचा हात घट्ट धरायच्या. उलट एखादी पोक्त बाई कानाशी लागून म्हणायची, "बरं करता हो, ठणकावून बोलता! आमची जीभ नाही उचलत." आईला प्रश्न पडायचा, ही माणसं नक्की कुणाला पाहतात? मला, की आपापल्या घरातल्या न झालेल्या भांडणांना?

तिने सगळं गिळलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच! आणि त्यात आणखी एक गोष्ट तिने पोटात ठेवली होती. तिचा डावा डोळा मुळातच अधू होता, आणि काही महिन्यांपासून उजव्या डोळ्यापुढेही, काचेवर कुणी श्वास सोडावा तसं धुकं साचत चाललं होतं. माणसं आकाराने कळायची, चेहऱ्याने नाही. पण डोळ्याचं सांगायचं म्हणजे दवाखाना आला, पट्टी आली... आणि पट्टी बांधलेल्या सासूने कप कसा आपटायचा? याच तोंडावर घर चाललं होतं. ते तोंड झाकून कसं चालेल?

आज मात्र सकाळी जिन्यात वरच्या मजल्यावरची शिंपीणबाई भेटली आणि बोलता बोलता म्हणाली, "चष्मा बदलायला गेले होते हो, तुमची खारू भेटली. फार वाळलीय पोर. गालांची नुसती हाडं दिसतात." तेवढंच. पण ते वाक्य आईच्या छातीत अडकून बसलं, न वर येई, न खाली जाई.

कसाबसा कप आपटून झाला. "जरा भाजी घेऊन येते," असं म्हणून तिने पिशवी उचलली आणि भाजीबाजाराकडे न वळता ती सरळ चष्म्याच्या दुकानाची वाट चालू लागली.

दुकानात काचाच काचा, आणि प्रत्येक काचेत दिवा! तिच्या धुकट डोळ्यापुढे सगळीकडे नुसती लखलख पसरली. आत शिरताना तिचा उजवा खांदा एका फळीवर आदळला, चष्म्यांच्या चार चौकटी खाली पडल्या. खुर्ची चाचपून ती बसली. दुकानाचा मालक भला माणूस, वयस्कर बाई पाहून म्हणाला, "बसा मावशी, आत तपासणी चाललीय. चहा घेणार?"

"बिनसाखरेचा असेल तर..."

आतला पडदा सरकला. आवाज आधी आला, माणूस मागून दिसलं.

"तू? आणि बिनसाखरेचा चहा?"

खारू! आई धडपडून उठली. पुढ्यात एक उंच, अंधूक आकृती उभी होती. आवाज लेकीचा, चालही लेकीची... पण गाल? ते कुठे दिसत होते? वाळली म्हणजे किती वाळली? आईला राहवलं नाही. तिने लेकीचं मनगट धरलं आणि तिला ओढत ओढत खिडकीशी नेलं. "इकडे ये. अशी, उजेडाकडे तोंड कर..."

तेवढ्यात मागून एक गिऱ्हाईक ओरडलं, "अगं बाई! ही तर कडू सासू!" आणि मोबाईल वर झाला.

खारूच्या हाताला एकदम काठीसारखा ताठरपणा आला.

"उजेडाकडे?" तिच्या आवाजाची धार आईच्या कानाला कापून गेली. "चेहरा नीट यायला हवा, नाही का? दादाला कुठे उभं केलंयस, बाहेर? आज काय दाखवायचंय... कडू सासू लेकीच्या पाया पडते? की लेक कडू सासूला हाकलते?"

"नाही गं बाळा! देवाशपथ, मी एकटी..."

"इथेसुद्धा बिनसाखरेचा! आई, निदान माझ्यासमोर तरी नाटक करू नकोस गं!" तिने मनगट सोडवून घेतलं. "जा तू. मला काम आहे."

पडदा सरकला.  व्रताचं कारण आईच्या जिभेच्या टोकावर येऊन ठेपलं होतं, एका वाक्याचं तर काम होतं! पण त्या वर धरलेल्या मोबाईलपुढे ते वाक्य उच्चारायचं? तिने ओठ मिटले, पिशवी उचलली आणि भिंतीच्या कडेकडेने बाहेर पडली.

घरी पोहोचेपर्यंत ती चित्रफीत तिच्या आधी घरी पोहोचली होती.

"आई, एवढं झालं आणि तू बोलली नाहीस?" मुलगा येरझाऱ्या घालत होता. सूनबाई मात्र स्थिर बसून तोच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकत होती. अखेर तिने मोबाईल खाली ठेवला.

"आई, एक विचारू? तुम्हाला साखरेचा आजार नाही. मागच्या तपासणीत सगळं चांगलं होतं. घरात बिनसाखरेचा पिता, ते कडू सासूच्या सवयीने, असं मी समजत होते. मग तिथे, कुणी शूटिंग करत नसताना, खारूताईंच्या दुकानातसुद्धा तुम्ही..." ती थांबली. तिच्या चेहऱ्यावरून हळूहळू रंग उतरत गेला. "तुम्ही साखर कधीपासून सोडलीत?"

आईने मान खाली घातली. आणि जे इतके दिवस कुणाला सांगितलं नव्हतं ते हुंदक्यांच्या फटींतून, तुटक तुटक, बाहेर पडलं... लेक, मांडी, देव, मोरीत ओतलेला तो पहिला चहा... सगळं. सूनबाई ऐकता ऐकता तोंडाशी हात नेऊन मागे सरकली. ज्या चहावर घर उभं राहिलं तो चहा रागाने सांडलेला नव्हताच!

मुलगा सुन्न झाला. खरंच झाला! त्याचे डोळेही भरले. पण वर्षभराची सवय... ती माणसाच्या आधी धावते. "आई, हे तू आधी का नाही सांगितलंस? अगं, हे तर... लोक ढसाढसा रडतील! फक्त एकदा, आत्ता जसं बोललीस अगदी तसंच..." आणि त्याचा हात मोबाईलकडे गेला.

आई उठली. सगळ्यांना वाटलं, आता वीज कोसळणार. पण ती ओरडली नाही, काही आपटलंही नाही. टेबलावरचा रिकामा कप तिने दोन्ही हातांनी उचलला आणि आवाज न करता बशीत ठेवला.

"बाळा," ती म्हणाली, "तू सांगितलंस तशी मी रागावले. तू सांगितलंस त्यांना शिव्या दिल्या. माझं तोंड दिलं तुला, नाव दिलं, जन्मभराची अब्रू दिली... माझ्या पोटच्या पोरीचं रडणं दिलं रे तुला. आता माझ्यापाशी एवढंच उरलंय, मी आणि माझा देव. ते नको मागूस. तेवढं नाही देणार."

आईचा खरा राग इतका हळू असतो, हे मुलाला आजवर माहीतच नव्हतं! वर्षभर तो तिचा खोटा राग मोठ्याने ऐकत आला होता. त्याचा हात हवेतच राहिला. सूनबाईने पुढे होऊन मोबाईल उचलला आणि पालथा घातला.

"पाप झालं हो आपल्या हातून," ती नवऱ्याला म्हणाली, आणि पायांत चपला सरकवून दाराबाहेर पडली.

मग घरात नुसती अस्वस्थता उरली. मुलगा खिडकीपाशी जाई, परत येई. आई उगाचच धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेई आणि अर्ध्यात सोडून देई. काय म्हणेल पोर? आपल्याही दारातून सुनेला घालवून देईल? आणि उद्या? हे सगळं थांबलं तर उद्या चूल कशी पेटायची...?

जिन्यात पावलं वाजली. आईने कान टवकारले. दोन जोड! एक सुनेची, सावकाश. आणि दुसरी... एक पायरी सोडून चढणारी. त्या घरात एक पायरी सोडून फक्त एकच माणूस चढायचं.

"मी जिन्याखाली पोहोचते तोच या वर यायला निघालेल्या!" सूनबाई धापा टाकत म्हणाली. "मी बोलवायच्या आधीच!"

खारू उंबऱ्यातच थबकली. तिची नजर तिपाईवर गेली. मुलाने तिपाई मिटून कपाटामागे टाकली. मग मोबाईल घेऊन काहीतरी शोधलं, बहिणीच्या डोळ्यांसमोर ते जुनं रडणं पुसून टाकलं आणि मोबाईल तिच्यापुढे धरला. "घे. तूच ठेव."

"मला नको तुझा मोबाईल. कुठेतरी कोंडून टाक."

सूनबाईने इकडेतिकडे पाहिलं, काही सुचेना, तेव्हा तिने घरातले सगळे मोबाईल कुकरमध्ये घातले आणि वर झाकण लावलं, शिट्टीसकट! खारूच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. पण लगेच ती भावाकडे वळली, आणि तिचा बांध फुटला.

"दादा, रोज तिचा चेहरा एवढा मोठा करून बघतोस ना? मग दिसलं नाही तुला? मी रोज बघायचे. आधी रागाने बघायचे, शिव्या घालत बघायचे... मग लक्षात यायला लागलं, ही कप आपटत नाही, ही टेबल शोधते! आज ही दुकानातून गेल्यावर मालकांनी सांगितलं. फळीवर आदळली. खुर्ची चाचपली. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय तिच्या. सगळं जग बघतंय हिला, आणि घरात एकालाही दिसू नये?"

मुलगा मटकन खाली बसला. 'अशी चाचपडत ठेवतेस, त्याने कुणाला भीती वाटत नाही...' सकाळचं स्वतःचंच वाक्य त्याच्या कानांत परत आलं, आणि भीती कशाला म्हणतात ते त्याला आत्ता कळलं. त्याने आईच्या लोकरी पट्ट्यांवर कपाळ टेकलं आणि लहान मुलासारखा स्फुंदू लागला.

"उगी," आई त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणाली. "मीच लपवलं रे. पट्टी बांधली तर तुझं काम थांबेल म्हणून..."

"थांबू दे!" खारू म्हणाली. "उद्या डॉक्टरांकडे जायचं, मी वेळ घेतलीय." मग तिचा आवाज एकदम लहान झाला. "आई... दुकानात तू मला उजेडाकडे का ओढलंस?"

"तोंडच दिसत नव्हतं गं तुझं. शिंपीणबाई म्हणाल्या वाळलीस, म्हणून म्हटलं, उजेडात तरी..."

पुढचं वाक्य आईला पुरं करता आलं नाही, कारण खारू येऊन तिच्या मांडीवर कोसळली होती. अगदी तशीच, चपला न काढता.

बऱ्याच वेळाने ती उठली. स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा बदलल्या नव्हत्या. जिन्यातच वहिनीने तिला सगळं सांगितलेलं असावं, कारण तिने काहीच विचारलं नाही. चहा ठेवला, गाळला, आणि आईच्या कपात चमच्यामागून चमचा साखर घालत गेली. मग स्वतःचा कप घेऊन ती आईच्या शेजारी बसली आणि पहिला घोट घेतला.

आईने कप ओठांशी नेला. इतक्या दिवसांनी जिभेवर साखर आली आणि तिचं तोंड असं काही वेडंवाकडं झालं, की कडू सासूलाही जन्मात जमलं नसतं!

"अगं, किती ही साखर!"

"तुझी नेहमीचीच आहे," खारू म्हणाली.

आधी सूनबाई फुटली, मग खारू, मग डोळे पुसता पुसता मुलगा. हसता हसता त्याचा हात सवयीने खिशाकडे गेला, खिसा रिकामा लागला, आणि तो तसाच हात आईच्या पाठीवर ठेवून बसून राहिला.

ओट्यावर कुकर थरथरू लागला. आजचा भाग अजून का आला नाही, म्हणून लोक आतून हाका मारत होते.

"वाजू दे," आई म्हणाली, आणि लेकीची हनुवटी धरून तिचं तोंड तिने खिडकीकडे वळवलं.

"खरंच वाळलीस गं..."